दीड किलोमीटर तिकडं, दीड इकडं

महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर थांबलं की टाकी भरेपर्यंत मी मीटरकडे कमी आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांकडे जास्त बघतो. गाडीचं नाक कुठे वळतंय, एवढंच बघायचं असतं. पंपावर यायची वाट एका टोकाला, जायची दुसऱ्या टोकाला आणि दोन्हींच्या मध्ये रस्त्यापासून वेगळा काढलेला पट्टा, असं कागदावर असतं. रस्ते कसे बांधावेत याचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं ‘आयआरसी 12’ या क्रमांकाचं एक मार्गदर्शक पुस्तक आहे. पंपाला, ढाब्याला, कुणाच्याही खासगी जागेला महामार्गावर वाट द्यायची तर ती कशी असावी, वळणाची त्रिज्या किती, वेग कमी करायला आणि वाढवायला जास्तीची लेन किती लांब, सगळं त्यात आहे. प्रत्यक्षात पुष्कळ पंपांपुढे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती सपाट डांबरी मोकळी जागा असते. मधला पट्टा असला तर त्याच्या कडेचे दगड ट्रकांच्या चाकांखाली केव्हाच सपाट झालेले असतात. मग जो जिकडून आला तिकडूनच निघतो. नियमाने डावीकडे वळायचं असतं, पण गाव मागे राहिलं असेल, दुभाजकातला कट मागे असेल, तर नाक उजवीकडे, राँग साइडला वळतं. पंपावरचा पोरगा नोझल हातात धरून हे रोज बघतो. त्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

11 जुलै 2023 च्या सकाळी दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्गावर गाझियाबादजवळ एक रिकामी शाळेची बस समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. गाडीत एक कुटुंब होतं. सहा जण गेले. बसने दिल्लीच्या गाझीपूरला सीएनजी भरला होता आणि तिथून ती कित्येक किलोमीटर राँग साइडने आली होती. पुढच्या वर्षी, जून 2024 च्या अखेरीस, जालन्याजवळ कडवंचीपाशी समृद्धी महामार्गावर रात्री तसंच झालं. इंधन भरून निघालेली एक गाडी उलट्या दिशेने मार्गावर शिरली आणि नागपूरकडून मुंबईला निघालेल्या गाडीला समोरासमोर भिडली. तिथेही किमान सहा जीव गेले. दोन्ही रस्ते कुंपण घालून, वाटा मोजून दिलेले, देशातले नवे आणि महागडे. आणि दोन्हीकडे सुरुवात पंपाच्या तोंडाशी झालेली.

हे अपघात म्हणजे डोकं फिरलेल्या चालकांची प्रकरणं, असं म्हणून सोडून देता येतं. बातम्यांखाली लोक तेच लिहितात. मला ते पटत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात राँग साइडमुळे गेलेल्यांचा आकडा नऊ हजारांच्या वर आहे. वर्षभरात रस्त्यावर गेलेल्या 1,68,491 माणसांपैकी हे नऊ हजार. अतिवेगाच्या खालोखाल याच कारणाचा नंबर लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 साली याच विषयावर स्वतंत्र अहवाल काढला, त्यात त्यांच्या दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यांवरचे मृत्यू वर्षाला साधारण 360 आहेत. आपल्या आकड्यात गल्लीपासून महामार्गापर्यंत सगळे रस्ते येतात, त्यामुळे दोन्ही शेजारी मांडून चालणार नाही. खरा फरक चालकात आहे. त्यांच्याकडे उलट शिरलेल्यांतले निम्म्याहून जास्त प्यायलेले निघाले आणि सत्तरी ओलांडलेले म्हातारे त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त. जपानची मुख्य चिंताही म्हाताऱ्या चालकांचीच. जर्मनीत असा कुणी शिरल्याची खबर लागली की रेडिओवरचं गाणं थांबवून अमुक मार्गावर अमुक दिशेला सावध राहा, असं सांगतात. तिथे चूक करणाऱ्याला आपण चुकतोय हे ठाऊकच नसतं, म्हणून सगळी यंत्रणा त्याला जागं करण्यासाठी उभी केलेली.

आपला माणूस जागाच असतो. शुद्धीत, दिवसाढवळ्या, हेल्मेट आरशाला अडकवून, समोरच्याला हाताने ‘थांब जरा’ खुणावत येतो. त्याला रेडिओवर काय सांगणार?

पुणे-सोलापूर रस्ता आमच्या गावाच्या मधून गेलाय. पूर्वीही होताच, पण तो दुपदरी होता. चौपदरी झाला तेव्हा जमिनीची एक पट्टी गेली आणि गावाचे दोन तुकडे झाले. घरं अलीकडं, मळे पलीकडं. काहींची विहीर एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला. डेअरी पलीकडं, शाळा अलीकडं. नकाशावर आखणाऱ्याला पुणे दिसत होतं आणि सोलापूर दिसत होतं. दुधाचा कॅन घेऊन पहाटे रस्ता ओलांडणारा माणूस त्या मोजपट्टीवर कुठे दिसणार!

आमचे एक आप्पा आहेत, वडिलांचे चुलतभाऊ. सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत, पण मोटरसायकल सोडलेली नाही. दोन्ही बाजूंना दोन कॅन, वर गवताचा भारा, आणि निघाले राँग साइडने कटाकडे. एकदा मी त्यांना म्हटलं, “आप्पा, रस्त्याखालून बोगदा कशाला काढलाय मग? त्यातून का नाही जात?”

“पुलाखालून जायचं तर दीड किलोमीटर तिकडं, दीड इकडं,” आप्पा म्हणाले. “तीन झालं. सकाळ-संध्याकाळ दोन टायमाला. पेट्रोल काय तुझा बाप देणार हाय?”

माझा बाप शेजारच्याच खुर्चीवर बसून चहा पीत होता. त्याने काही उत्तर दिलं नाही.

आप्पांचा हिशेब खोटा नाही. लिटरमध्ये मांडा, रुपयांत मांडा, बरोबरच येतो. त्यातली एकच रक्कम ते धरत नाहीत, आणि ती वर्षानुवर्षे न भरता चाललेलं आहे, म्हणून धरायची गरजही वाटत नाही. रोज काहीच होत नाही, हाच त्यांचा पुरावा. आमच्या फाट्यावर माणसं गेली आहेत, आप्पा त्यांच्या दहाव्यालाही जाऊन आलेत. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे डेअरीची वेळ असतेच.

कट हे काय प्रकरण असतं ते रस्त्याकडेला न राहणाऱ्याला कळणार नाही. दुभाजकाला नियमाने ठेवलेली तोंडं वेगळी, आणि रात्रीतून पडलेली वेगळी. आमचा कट एका हॉटेलवाल्याने पाडला असं सगळं गाव सांगतं, हॉटेलवाला सोडून. दुभाजकाचे दगड एका रात्री आडवे झाले, माती दाबली गेली आणि सकाळी पलीकडची गिऱ्हाइकं मिसळ खायला अलीकडं आली. देखभालवाले येऊन दगड लावून गेले. आठवडाभरात पुन्हा वाट झाली. मग त्यांनी लोखंडी पट्टी ठोकली, तर मोटरसायकल जाईल एवढी फट शेजारी पडली. आता तिथे वडापावची गाडी आहे, सहा आसनी रिक्षा उभ्या राहतात, एसटीला हात दाखवणारे तिथेच थांबतात. 2002 च्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण कायद्यात महामार्गाला परवानगीशिवाय वाट जोडता येत नाही, असं स्वच्छ लिहिलंय. पण कटाभोवती एकदा चार लोकांचं पोट उभं राहिलं की तो बंद करायला कायद्याचं पुस्तक पुरत नाही. बंद करणाऱ्याला आधी वडापाववाल्याशी भांडावं लागतं.

आणि कट धोक्याचा का, तेही नीट बघायला हवं. आपण डावीकडून चालणारी माणसं. उलट दिशेने जाणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो दुभाजक, म्हणजे समोरून येणाऱ्यांची वेगाची लेन. नवखा किंवा प्यायलेला माणूस सवयीने आपली डावी बाजू धरतो आणि बरोबर त्याच लेनमध्ये सापडतो. गावचा माणूस हुशार. तो कडेची साइडपट्टी धरून येतो. पण साइडपट्टीवर पंक्चर झालेला ट्रक उभा असतो, त्याला वळसा घालायला आत यावं लागतं. आणि शेवटी कट असतो दुभाजकात. तिथे पोचायला समोरच्या दोन्ही लेन तिरक्या कापाव्याच लागतात. साइडपट्टीवर जपलेलं सगळं शहाणपण त्या शेवटच्या वीस-पंचवीस पावलांत संपतं.

रात्रीचं आणखी वेगळं. दुभाजकात कण्हेर लावतात ती समोरच्या दिव्यांची तिरीप अडावी म्हणून. चांगली जात, पाणी कमी लागतं, जनावर तोंड लावत नाही. पण त्याच कण्हेरीआड कटात उभा असलेला माणूस, सायकल, मोटरसायकल अख्खी लपते. कारला चौपदरी महामार्गावर 100 ची मर्यादा आहे. ती 100 ने आली आणि समोरून 50 ने मोटरसायकल, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला 40 मीटरपेक्षा जास्त वेगाने कमी होतं. डिपरच्या, म्हणजे खाली पाडलेल्या झोताच्या, उजेडात स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच. 2017 च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालू ठेवायचा नियम आला तो बरा झाला, निदान काहीतरी समोरून येतंय हे कळतं. पण दिवा दिसला तरी तो पलीकडच्या रस्त्यावरचा की आपल्याच, हे वळणावर शेवटपर्यंत कळत नाही. रात्री रिकाम्या रस्त्यावर काही लोक तासन् तास दुभाजकाला चिकटून गाडी पळवतात, त्यांना मी नेहमी सांगतो, ओव्हरटेक झाला की डावीकडे या. येणारा येतो तो बहुधा त्याच लेनमधून.

आता कारवाल्यांचं. आप्पांची बाजू मी एवढी समजून घेतली, यांची घेणार नाही. टाकी भरलेली, एसी चालू, पुढचा यू-टर्न दोन किलोमीटरवर, म्हणजे दोन-तीन मिनिटांचं काम. तरी हे महाशय चारही इंडिकेटर लावून राँग साइडने येतात. चार इंडिकेटर लावले की पाप धुतलं जातं, असा एक नवाच पंथ निघालाय. समोरच्याने डिपर मारला तर उलट यांनाच राग येतो. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याचा एक्झिट हुकला म्हणून साइडपट्टीवरून रिव्हर्स मारत येणारे! त्यांना विचारलं तर सांगतील, गाडीचं तोंड तर बरोबर दिशेला आहे. गावातल्या मोटरसायकलवाल्याला निदान दुसरी वाट मिळालेली नाही. यांना मिळालेली वाट नको असते.

अशांसाठी कायदा आहे आणि तो वापरायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली आणि ठरलेल्या दिशेच्या उलट गाडी चालवणं हे धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्ट नाव घेऊन आलं. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर आणखी जास्त. बेदरकारपणे गाडी चालवण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम 281 वेगळं. नव्या महामार्गांवर कॅमेरे बसताहेत, उलट दिशेची गाडी ओळखण्याचं कामही त्यांना दिलंय. चांगलं आहे. पण ई-चलन मोबाइलवर येतं दुसऱ्या दिवशी, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला नंबर प्लेट असलीच तर उसाच्या वाढ्याखाली झाकलेली असते.

लोकांना सगळ्यात आवडतो तो उपाय म्हणजे टायर फोडणारे खिळे. दर काही महिन्यांनी कुठला तरी व्हिडिओ फिरतो आणि ‘हे आपल्याकडे पाहिजे’ म्हणून काका मंडळी पुढे ढकलतात. पुण्यात 2018 साली हडपसर भागातल्या एका खासगी वसाहतीत असे खिळे बसवलेही होते. वाहतूक पोलिसांनी ते काढायला सांगितले, आणि बरोबर सांगितलं. कॅलिफोर्नियात हा प्रयोग फार आधी करून झालाय. वेगातल्या गाडीच्या टायरमधली हवा खिळ्याने लगेच उतरत नाही, गाडी पुढे जातेच. मोडलेल्या खिळ्याचं खुंट सरळ येणाऱ्यांचे टायर फाडतं. आणि सरळ येणारा नवखा माणूस खिळे बघून ब्रेक मारतो, तो वेगळाच अपघात. शिवाय आपल्याकडे दुचाकी. खिळ्यावर मोटरसायकल गेली की पुढे काय होणार ते सांगायला नको.

त्याच कॅलिफोर्नियात टिकलेली युक्ती अगदी साधी आहे. ‘आत येऊ नका’चा फलक त्यांनी खाली आणला, गुडघ्याच्या आसपास. कारण डिपरचा उजेड खाली पडतो आणि प्यायलेला माणूस रस्त्याच्या पृष्ठभागाकडे बघत चालवतो. काही राज्यांत लेनवरचे चमकणारे खडे सरळ येणाऱ्याला पांढरे आणि उलट येणाऱ्याला लाल दिसतात. ऑस्ट्रियात पिवळ्याजर्द फलकावर काळा पंजा असतो, ‘थांब’ म्हणणारा. फिनिक्स शहरात 2018 पासून उष्णता ओळखणारे कॅमेरे उलटी शिरलेली गाडी पकडतात, पोलिसांना कळवतात आणि पुढच्या गाड्यांना फलकावरून सावध करतात. समृद्धीसारख्या बंदिस्त रस्त्यावरच्या पंपांना, इंटरचेंजच्या उतारांना यातलं बरंच काही लागू पडेल. पंपाच्या आत यायच्या वाटेवर, आतून बाहेर बघणाऱ्याला दिसेल असा बुटका लाल फलक, जमिनीवर बाण, आणि उजवीकडे गाडी वळूच नये असा तिरका, भक्कम कठडा. समृद्धीवर दोन इंटरचेंजमध्ये कित्येक किलोमीटर असतात, तिथे उलट वळायचा मोह होतो हे समजून हा कठडा घालायला हवा. फार तर एका दिवसाचं काँक्रीटचं काम.

आमच्या फाट्यावर मात्र फलकाने काही होणार नाही. तिथे प्रश्न त्या तीन किलोमीटरचा आहे, आणि त्याहून जास्त बोगद्याचा. आप्पांनी मला सांगितली ती अर्धीच गोष्ट होती. बोगदा पावसाळ्यात भरतो. रस्त्याचं पाणी उतरायला दुसरी जागाच ठेवलेली नाही, गटार आहे ते बोगद्यापेक्षा उंच. गुडघाभर पाणी, खाली चिखल, त्यात एकदा धामण निघाली तेव्हापासून शाळेची पोरं त्यातून जात नाहीत. दिवे लावले होते, ते गेले. कुणी नेले ते सगळ्यांना माहीत आहे. थोडक्यात, सरळ वाटेने जाणाऱ्याला भिजावं लागतं आणि उलट जाणारा कोरडा पोचतो.

मागच्या पावसाळ्याआधी गावाने अर्ज दिला. नवल म्हणजे त्यात कट अधिकृत करा अशी मागणी नव्हती. बोगद्यातलं पाणी काढा, दिवे लावा आणि बोगद्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सर्व्हिस रोड पुरा करा, एवढंच होतं. संबंधित कार्यालयाकडून पोच मिळाली. मग ग्रामपंचायतीनेच पाच एचपीची मोटर आणून बसवली, पाइप ओढ्यात सोडला. मोटर चालू करायची जबाबदारी वडापाववाल्याच्या थोरल्या पोरावर आहे, कारण सकाळी सगळ्यात आधी तोच तिथे असतो. पाऊस झाला तरी आता वाट सहसा राहते. दुधाचे कॅन बऱ्यापैकी बोगद्यातून जायला लागले. आप्पासुद्धा जातात, पण ‘अर्धा लिटर जास्त लागतंय’ हे ऐकवल्याशिवाय नाही.

राहिला ऊस. हंगाम सुरू झाला की भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, पुढे टेप मोठ्याने, अजूनही राँग साइडनेच कटाकडे येतात. बोगद्यात ते मावत नाहीत. चौपदरी रस्त्यांच्या आधीच्या नियमावलीत माणसं आणि गुरं जायच्या बोगद्याची उंची तीन मीटर धरलेली होती, आणि उंट किंवा हत्ती नेहमी जात असतील तर ती साडेचार मीटर करावी असंही त्यात लिहिलं होतं. आमच्याकडे हत्ती नाहीत. साखर कारखाना आहे, तो पलीकडच्या बाजूला आहे, आणि दसरा-दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की तिथे रात्रंदिवस रांग लागते. सरपंच म्हणतात, पुढच्या अर्जात हत्तीच लिहू.